नळ्यांचं ठरेपर्यंत

३ जानेवारी

व्याहीसाहेबांना नमस्कार.

गेल्या महिन्यात आपल्या दिवाणखान्यात आमच्या ठकीचं आणि आपल्या चिरंजीवांचं लग्न ठरलं, तेव्हा आपण धातूंचा व्यापार करता एवढंच मला माहीत होतं. कोणत्या धातूंचा, हे विचारणं त्या वेळी बरं दिसलं नसतं. आता ते कळलं आहे आणि पंचाईत झाली आहे.

आमच्या कारखान्यात टाकाऊ रसायनं जाळायची भट्टी आहे. तिच्या धुरात क्लोरीन असतं. तो धूर ज्या नळ्यांवरून जातो त्या साध्या स्टेनलेस स्टीलच्या आहेत आणि वर्षभरात त्यांची चाळण होते. एखादी नळी फुटली तर उकळतं पाणी आणि वाफ बाहेर येते. शेजारी माणसं असतात; भिंतीपलीकडच्या नियंत्रण कक्षात तर आमची ठकीच बसते. म्हणून आता निकेल-क्रोमच्या नळ्या बसवायच्या आहेत. दोन धातू समोर आहेत. एकात निकेल भरपूर, क्रोम बेताचं आणि वर ॲल्युमिनियमची चिमूट; तो महाग. दुसऱ्यात क्रोम जवळजवळ तेवढंच, पण निकेल कमी करून लोखंड घातलेलं, तो स्वस्त. आम्ही खात्यात त्यांना थोरला आणि धाकटा म्हणतो. निवड मी करायची आहे. आणि थोरल्याची एजन्सी आपल्याकडे आहे!

मला यातून मोकळं करा असं मी व्यवस्थापकांना सांगितलं. ते हसले. म्हणाले, "तुम्ही स्वतःच्या सावलीकडूनही पावती घेता. तुमच्यावर कोण संशय घेणार?" लोक मात्र घेतात. नोकरीत आजवर कोणी माझ्याकडे बोट दाखवलेलं नाही, आणि निवृत्तीच्या तोंडावर ते मला दाखवून घ्यायचं नाही.

तेव्हा, नळ्यांचं ठरेपर्यंत लग्नाची तारीख धरायची नाही. फोनवर बोलायचं नाही. जे काय ते लेखी, आणि प्रत्येक पत्राची प्रत मी खात्याच्या फायलीत लावणार. चाचणीसाठी थोरल्याचे सहा तुकडे पाठवावेत. आपल्याकडून काल फळांची टोपली आली, ती परत पाठवली आहे. गैरसमज नसावा.

भट्टीविभाग प्रमुख
(आणि मुलीचा बाप)


११ जानेवारी

व्याहीसाहेब,

तुमचं पत्र वाचून धन्य झालो. सोयरीक करताना लोक घराणं बघतात, पगार बघतात. आम्हाला फाइलही मिळाली.

फळं आमच्या हिने विहीणबाईंच्या गुडघेदुखीसाठी धाडली होती. परत आलेली आम्हीच खाल्ली. आमचे गुडघे ठणठणीत आहेत, पण वाया कशाला घालवा?

सहा तुकडे पाठवतो आहे. आता व्यापारी म्हणून बोलू नये ते बोलतो, तुमच्या फायलीला साक्ष ठेवून. तुमची भट्टी फार तापत नसेल तर धाकटा चालून जाईल, उगाच महागाचं घेऊ नका. पण धूर जिथे लालबुंद असतो आणि त्यात क्लोरीन आहे, तिथे लोखंड जितकं कमी तितकं बरं. क्लोरीनला लोखंड फार आवडतं, निकेलशी त्याचं तितकं जमत नाही. खरं-खोटं तुमची भट्टीच सांगेल.

तुकड्यांबरोबर एक माहितीपत्रक जोडलं आहे. धातू हाताळायचा कसा, एवढंच त्यात आहे. तेवढं नजरेखालून घाला. थोरला तसा दणकट, पण काही बाबतींत जावयासारखा आहे, मान राखावा लागतो.

तारखेचं तुम्ही म्हणाल तसं. मुलीच्या बापाचा शब्द आम्ही मोडत नाही.

तुमचा
व्याही (होणारा)


२२ जानेवारी

व्याहीसाहेबांना नमस्कार.

तुकडे पोचले. पोच सोबत आहे.

धाकटा चालून जाईल हे आपलं वाक्य मी दोनदा वाचलं. स्वतःच्या मालाची स्तुती न करणं ही विक्रीची फार जुनी युक्ती आहे, हे मी जाणतो. राग नसावा, मी फक्त नोंद करतो आहे. आपलं माहितीपत्रक मी वाचलेलं नाही. विक्रेत्याचं साहित्य वाचून परीक्षकाचं मन एका बाजूला कलतं, म्हणून ते लाखेने सीलबंद करून कपाटात ठेवलं आहे.

दोन्ही धातूंचे तुकडे परवा भट्टीत टांगले. आपले तुकडे कोणते याबद्दल पुढे कोणी शंका काढू नये, अशी चोख व्यवस्था मी तीन साक्षीदारांसमोर केली आहे. व्यवस्था काय, हे विक्रेत्याला कळवणं नियमात बसत नाही. आपल्या तुकड्यांना भट्टीतली सगळ्यांत वाईट जागा दिली आहे, जिथे धूर थेट अंगावर येतो. नातं आहे म्हटल्यावर थोडं जास्त कडक राहावं लागतं.

परवा कारखान्याच्या फाटकासमोर चिरंजीव आणि ठकी एका टेबलावर चहा पिताना दिसले. मी दोघांना वेगवेगळ्या टेबलांवर बसायला सांगितलं. चहाचे पैसे ज्याचे त्याने दिले, हे मी स्वतः पाहिलं.

भट्टीविभाग प्रमुख


९ मार्च

व्याहीसाहेब,

बरेच दिवस पत्र लिहिलं नाही, कारण विक्रेत्याने परीक्षकाला काय लिहावं ते सुचेना. आज कारण घडलं आहे.

चिरंजीवांना दूरच्या देशात नोकरी मिळाली. एक जूनला निघायचं आहे. लग्न त्याआधी झालं तर ठकीचे कागद त्याच्याबरोबर होतील, दोघं बरोबर जातील. नाहीतर पुढची सुट्टी दीड वर्षाने. चिरंजीव जेवताना पोळीचे तुकडे करतो आणि ताटात तसेच ठेवतो. आमची ही म्हणते, भट्टीत धातू टांगलाय की माझा मुलगा?

घाई करा असं मी म्हणत नाही. भट्टीला घाई करता येत नाही हे मला समजतं. फक्त मे महिना तेवढा डोळ्यांसमोर असू द्या.

तुमचा
व्याही (अजून होणाराच)


१८ एप्रिल

व्याहीसाहेबांना नमस्कार.

चाचणी पूर्ण झाली. कळवायला जड जातं, पण कळवतो. थोरल्याच्या सहाही तुकड्यांना भेगा पडल्या. दोन तर उचलतानाच मोडले. धाकट्यावर काळी खपली धरली आहे, वजनही बरंच घटलं आहे, पण तो अखंड आहे. मी धाकट्याची शिफारस केली आहे. व्यवस्थापकांनी भर बैठकीत सांगितलं की व्याह्याचा माल नाकारायला छाती लागते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला संकोच वाटला, पण वाईट वाटलं असं म्हणणार नाही.

आपला एक तुकडा परत पाठवतो आहे. भट्टीतून निघाला तसाच आहे, खपलीसकट. मी हात लावला असता तर मी काही घासलं-पुसलं असं म्हणायला जागा राहिली असती.

आता आपला माल बाद झाल्यामुळे लग्नाला माझ्या बाजूने अडथळा उरलेला नाही. मे महिन्यातली कोणतीही तारीख धरावी. मात्र या निर्णयामुळे आपलं मन मोडलं असेल आणि सोयरीक नको असेल, तर तसं लेखी कळवावं. मला दुःख होईल. ठकीला किती होईल ते माझ्याने लिहवत नाही.

भट्टीविभाग प्रमुख
(आणि मुलीचा बाप)


२७ एप्रिल

व्याहीसाहेब,

सोयरीक मोडायची? सहा तुकड्यांसाठी? अहो, तुमच्यासारखा व्याही दिवा घेऊन शोधला तरी मिळायचा नाही.

तुमचा निर्णय शिरसावंद्य. आमचा धातूच नाठाळ निघाला, त्याला तुम्ही काय करणार? मी चाळीस वर्षं तो विकला, आता पुरे. एजन्सी सोडून देतो आहे, तसं कंपनीला आजच लिहिलं. वयही झालं. वीस मे कसा वाटतो? माणसं मोजकी बोलवू.

एक सांगतो. धाकटा बसवलात की सहा महिन्यांनी नळ्यांची जाडी एकदा मोजून घ्या. वर्षभर थांबू नका. आणि तोवर ठकीला दुसऱ्या कक्षात बसवता आलं तर बघा. म्हाताऱ्याची काळजी समजा.

तुमचा
व्याही

(याच पाकिटात वेगळा कागद)

व्याहीबुवा,

पाकिटं चिकटवायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून हा कागद आत घालते आहे. ह्यांना माहीत नाही. हा फायलीत लावू नका.

तुमचा तुकडा आला त्या दिवशी ह्यांनी मागच्या अंगणात बसून तो तेजाबात धुतला. मग आत येऊन जेवणाच्या टेबलावर ठेवला. खपली निघाली होती आणि खाली धातूत खोल खाल्लेली अक्षरं दिसत होती. मीही वाचली. 'व्याही' असं लिहिलं होतं. भेग पडली होती ती त्या अक्षरांतूनच.

तुम्ही बहुतेक गोदामातल्या पिवळ्या तेलकट खडूने लिहिलंत. त्या खडूत गंधक असतं म्हणे. एरवी लोखंडावर लिहिलं तर काही होत नाही, पण निकेल तापलं की गंधक त्याच्या आत शिरतं आणि धातू बिस्किटासारखा तुटतो. आमच्या गोदामात थोरल्याजवळ तो खडू नेणाऱ्याला हे घरी पाठवतात. तुम्ही कपाटात सीलबंद केलेल्या कागदावर हेच छापलं आहे, दुसऱ्याच ओळीत.

आधी हे खूप हसले. मग तुकडा फडक्यात गुंडाळला. म्हणाले, "हे लिहिलं तर फायलीत जाईल. भर बैठकीत टाळ्या घेतल्यात त्यांनी. मुलीच्या बापाची मान खाली घालायला लावून लग्न लावू का? होऊ दे धाकटा." मी विचारलं, आणि नळी फुटली तर? तर म्हणाले, जाडी मोजायला सांगतो. पुरुषांची माया ही अशी असते. एकमेकांचा मान राखायला निघाले आहात दोघं, आणि त्या भिंतीपलीकडे माझी सून बसते!

मला तुमच्या फायलीतलं काही कळत नाही. पण खडू तुमचा होता एवढं कळतं.

विहीण


६ मे

व्याहीसाहेब आणि विहीणबाई, दोघांनाही.

विहीणबाईंचा कागद मी फायलीत लावला. नाइलाज होता. तो नसता तर फेरचाचणी का करतो, हे मला सांगता आलं नसतं.

त्याआधी कपाट उघडून लाख फोडली. दुसरी ओळ खरोखरच खडूबद्दल आहे, जाड अक्षरांत. उभा जन्म साध्या पोलादात गेला. त्यावर याच खडूने हजार खुणा केल्या, कधी काही झालं नाही. या वेळी तर मी तीन साक्षीदारांसमोर ठळक लिहिलं, की व्याह्याचा माल कुणाच्या नजरेतून सुटू नये. अति तेथे माती म्हणतात. मी ती भट्टीत भाजून पक्की केली. मला स्वतःची अतोनात लाज वाटते आहे. आणि आपण हे समजूनही मला लिहिलं नाहीत, त्याबद्दल आपले पाय धरावेत की आपल्यावर रागवावं हे मला ठरवता येत नाही. दोन्ही करावंसं वाटतं.

धाकट्याच्या नळ्यांची मागणी सहीसाठी व्यवस्थापकांच्या टेबलावर गेली होती, ती मी परत मागून आणली. ते चष्म्यावरून बघत म्हणाले, "एकदा बाद झालेला व्याह्यांचा माल पुन्हा घ्यायचा? लग्न जवळ आलं वाटतं?" ज्याला मी जानेवारीपासून भीत होतो ते वाक्य अखेर ऐकलं. मी चूक लेखी कबूल केली आणि नव्या तुकड्यांवर ठशाने नुसते आकडे ठोकायला सांगितले. कोणता आकडा कोणाचा, ते प्रयोगशाळेलाच माहीत, मला नाही. निकाल ऑगस्टमध्ये येईल.

म्हणजे थोरला पुन्हा स्पर्धेत आहे. म्हणजे वीस मे होऊ शकत नाही. हे ठकीला सांगितलं तेव्हा ती "बरं" एवढंच म्हणाली. त्यानंतर घरात माझ्याशी कोणी बोलत नाही, ठकीची आईसुद्धा. ताट समोर येतं, वाढलेलं असतं, पण वाढणारं माणूस निघून गेलेलं असतं.

मुलीचा बाप


१२ मे

व्याहीसाहेब,

आमच्या हिच्या कागदाने माझी चोरी पकडली गेली. मी तिच्याशी चार दिवस भांडलो आणि हरलो. तिचं बरोबर होतं. त्या भिंतीचा विचार मी करायला हवा होता. माझं चुकलं.

पण आता ऐका. एजन्सी सोडल्याचं मी कळवलं होतं ना? कंपनीने ते मंजूर करून एजन्सी बाजारातल्या माझ्या सगळ्यांत जुन्या वैऱ्याला देऊनही टाकली. उद्या तुम्ही थोरला घेतलात तरी मला दमडी मिळणार नाही. मिळेल ती त्याला, ज्याचं तोंड पाहिलं की मला ढेकर येते. म्हणजे तुमचा रस्ता स्वच्छ झाला. मी आता कोणी नाही, फक्त मुलाचा बाप. वीस नाही तर अठ्ठावीस मे धरा. हात जोडतो. चिरंजीवाची बॅग भरून झाली आहे.

तुमचा
व्याही (आता दुसरं काहीच नसलेला)


१९ मे

व्याहीसाहेब,

आपल्या त्यागापुढे मान झुकली. परंतु एजन्सी आपण चाचणीला माल दिल्यानंतर आणि फेरचाचणी ठरायच्या सुमाराला सोडलीत. बाहेरच्या माणसाला ही पळवाट वाटू शकते. मला वाटत नाही, पण मला काय वाटतं हा मुद्दा नाही. या स्थितीत हितसंबंध संपले असं समजावं काय, हे मी व्यवस्थापकांना लेखी विचारलं आहे. ते दौऱ्यावर आहेत, तीस तारखेला परततील.

मला सगळं दिसतं आहे. तारखा मलाही मोजता येतात. पण ज्या हाताने चूक केली, त्याच हाताने आता सवलत घेऊ कशी? ठकी समजूतदार आहे. दीड वर्ष म्हणजे काही जन्म नव्हे.

मुलीचा बाप


२६ मे

बाबा आणि सासरेबुवा,

एकाच पत्राच्या दोन प्रती काढते आहे, म्हणजे कोणाला आधी कळवलं यावरून तुमच्यात मानापमान नको.

आज सकाळी आम्ही नोंदणी कचेरीत लग्न केलं. दोन्ही आया साक्षीदार होत्या, आणि माझ्या पाळीतला फिटर. बाबा, नोटीस आम्ही एप्रिलमध्येच दिली होती. महिनाभर ती कचेरीच्या बाहेर फळ्यावर लागली होती, लेखी, दोघांच्या पूर्ण नावांसकट. तुम्ही रोज त्याच रस्त्याने जाता.

तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्हाला हरकत घ्यावी लागली असती, मनात नसतानाही. सासरेबुवा, तुम्हाला सांगितलं असतं तर बाबांचा मान राहावा म्हणून तुम्ही त्यांना कळवलं असतंत. दोघंही चांगले आहात. तुमच्या चांगुलपणाशी वाद घालायला आम्हाला वेळ नव्हता.

नवे तुकडे मी स्वतः टांगले आहेत, ठसे बघून, हातमोजे घालून. कोणता कोणाचा ते मलाही माहीत नाही. एक तारखेला निघतो. विमानतळावर या, दोघंही. चहा एका टेबलावर घेऊ.

ठकी


२१ ऑगस्ट

व्याहीसाहेब,

विमानतळावर आपण बोललो ते हवा-पाण्याबद्दलच. आज मनातलं लिहितो.

आधी भट्टीचं. निकाल आला. सगळ्यांत वाईट जागेतले थोरल्याचे तुकडे निघाले तसे धुतले, वजन जेमतेम घटलं होतं, भेग एकही नाही. धाकटा मात्र थरावर थर सोलला जात निम्म्यावर आला होता. नळ्यांना तो लावला असता तर वर्ष काढलं नसतं. थोरल्याची मागणी गेली. माल आपल्या वैऱ्याकडून येतो आहे, आणि त्याने दर चढा लावला आहे. आपण आमचे व्याही, हे मी अहवालाच्या पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. व्यवस्थापकांनी ती खोडली. म्हणाले, त्याचा काय संबंध? मी त्यांच्या दौऱ्याच्या वेळी पाठवलेल्या पत्राचं उत्तरही त्यांनी तेव्हाच दिलं: कसलं पत्र?

बैठकीत पुन्हा टाळ्या झाल्या. असा नि:स्पृह माणूस होणे नाही, असं एकजण म्हणाला. मला बसवेना. मी बाहेर येऊन नियंत्रण कक्षात गेलो. ठकीच्या खुर्चीवर आता दुसरी मुलगी बसते. तिने उभं राहून विचारलं, काही हवं होतं का सर?

व्याहीसाहेब, माझ्या एकुलत्या एका मुलीचं लग्न झालं आणि मी त्या वेळी वजनकाट्याच्या दुरुस्तीचा अर्ज लिहीत होतो. मी काल तारीख ताडून पाहिली. ठकीची आई आता माझ्याशी बोलते, पण त्या सकाळचं काही विचारलं की भाजी चिरायला लागते. ठकीला फोनवर विचारायची मला हिंमत होत नाही. विहीणबाई तिथे होत्या. आपण त्यांना माझ्यातर्फे विचाराल का? ती रडली का, एवढंच. आणि नसेल बोलायचं त्यांना, तर राहू द्या.

तुमचा
व्याही


२९ ऑगस्ट

व्याहीसाहेब,

विचारलं.

आधी ही म्हणाली, रडली नाही, सही झोकात केली. मग भांडी घासता घासता थांबून म्हणाली की त्यांचा नंबर यायला तासभर लागला होता, आणि कचेरीत कोणी आत आलं की ठकी दर वेळी दाराकडे बघत होती.

मी विचारलं, माझा मुलगा?

म्हणाली, तोही.

तुमचा
व्याही